स्वयंपाकघरातल्या आगीनंतर घरभर काजळी बसली आहे. काय धुवावं, काय टाकावं?

ताई, फ्रीजमागे शॉर्टसर्किट झालं, आग स्वयंपाकघरातच विझली, पण धूर घरभर फिरला आणि उद्या दोन बायका लावून सगळं धुऊन काढणार, असं तुम्ही लिहिलंय. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण उद्या पाणी लावू नका.

आमच्याकडे 2023 च्या मार्चात आग लागली. यावल तालुक्यातलं गाव, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर आणि पुढच्या खोलीत 25 क्विंटल कापूस. आदल्या वर्षी क्विंटलचा भाव 10,000 च्या वर गेला होता, त्या आशेवर त्या वर्षी गावात घरोघरी कापूस पडून होता. आमच्या मोठ्या दिरांनी, नानांनी, 8,000 नं मागणारा व्यापारी ओट्यावरूनच परत लावला होता. रात्री दोनच्या सुमाराला वायरिंगची ठिणगी कापसावर पडली. कापूस भडकतो थोडा आणि धुमसतो फार. गावातल्या पोरांनी मोटर लावून पाणी मारलं, दाताळ्यांनी कापूस ओढून उकिरड्यापलीकडे टाकला. तिथंही तो तीन दिवस धुमसत होता. वरून ओलागच्च, आणि काठी खुपसली की आतून धूर.

माणसं वाचली, ढोरं वाचली. मधल्या खोलीत नि स्वयंपाकघरात ज्योत आलीच नाही. पण पुढच्या खोलीतला टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या, वायरी जळाल्या आणि त्यांचा चिकट धूर आत भरला. मडकं, फोटो, देव्हारा, सगळं काळं.

सकाळी सातला नाना फवारणीचा, जोरात पाणी मारणारा एचटीपी पंप घेऊन दारात. म्हणाले, दोन तासांत घर लखलखीत करून देतो. मी म्हटलं, "नाना, आधी कोरडं झाडू द्या." वीस माणसांसमोर उत्तर आलं, "रेल्वेवाल्याच्या पोरीनं शेतकऱ्याला पाणी शिकवू नये."

माझे वडील भुसावळला रेल्वेत, कोळशाच्या इंजिनांवर होते. ते ड्यूटीवरून आले की आई त्यांचा शर्ट अंगणात दोरीवर टाकून काठीनं झटकायची, मग कोरड्या ब्रशनं घासायची, आणि मगच सोड्याच्या पाण्यात घालायची. थेट पाण्यात घातलेला शर्ट एकदाच पाहिला. त्याचं पुढं पोतेरं झालं. काजळी म्हणजे धूळ नाही. तिच्यात तेलकट अंश असतो. पाणी लागलं की ती निघत नाही, पसरते आणि भिंतीच्या, लाकडाच्या, कापडाच्या आत उतरते. बोटावर घेऊन चोळून बघा. भुरभुरीत असेल तर नशीब. मेणचट लागली तर ती धुमसलेल्या आगीची किंवा प्लास्टिकची, तिला तर कोरडंच आधी काढायला हवं.

नानांनी पंप मारला. चुन्याच्या भिंतीवरून काळे ओघळ खाली आले आणि जिथं वाळले तिथंच राहिले. तीनदा चुना दिला, दर पावसाळ्यात डाग वर आले. शेवटी ऑइल प्रायमर मारला तेव्हा दबले. मधल्या खोलीचं सागाचं दार दोन फळ्यांचं आहे. एका फळीवर फवारा बसला, काजळी लाकडाच्या रेषारेषांत शिरली. दुसरी फळी भिंतीला टेकलेली होती, पुढं ट्रंक, म्हणून ती सुटली. त्या फळीला मी आठवड्यानंतर हात लावला. मऊ कुंचल्यानं वरवर झटकली, मग घट्ट कणकेचा गोळा दाबून दाबून उचलत गेले. गोळा काळा झाला की दुमडून आतली बाजू वर घ्यायची. दोन शेर कणीक गेली, पण फळी गुळाच्या ढेपेसारखी पिवळसर तपकिरी निघाली. आज दोन्ही फळ्या शेजारी शेजारी आहेत, कुणीही येऊन बघावं. कणकेचं हे माझं डोकं नाही. मुलं खेळतात ते प्ले-डो अमेरिकेत सिनसिनाटीला 1930 च्या दशकात, घरातल्या कोळशाच्या काजळीनं मळलेला वॉलपेपर पुसायलाच केलेलं होतं. त्यात मुख्यतः पीठ, पाणी, मीठ.

तेव्हा आधी झटकणं, मग कणीक, मग ओलं. ओलं करताना धुण्याचा सोडा टाकलेलं कोमट पाणी घ्या, थोडा थोडा भाग, आणि भिंत खालून वर पुसा. वरून सुरुवात केली तर घाण पाणी खालच्या कोरड्या काजळीवर ओघळतं नि त्याचे पट्टे जात नाहीत. चुन्याच्या भिंतीला मात्र ओलं नकोच.

थांबायचं नाही ते फक्त धातूला. वायरीवरचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, ओल लागली की त्याचं आम्ल होतं आणि ते धातू खातं. आमच्या नळावरचा चकाकता मुलामा चार दिवसांत खवल्यासारखा उडाला. सासूबाईंचा पितळी हंडा नानांनी भंगारवाल्याकडे किलोवर द्यायला काढला होता. सासूबाई त्याच्यावर हात ठेवून बसल्या, "हाऊ मनी मायना हंडा शे," म्हणजे हा माझ्या आईचा हंडा आहे. चिंच-मीठ लावून दोन दिवस घासला, आज त्यात पाणी भरतो. कल्हईची भांडी मात्र आगीजवळ असतील तर कल्हईवाल्याला दाखवा. कल्हई म्हणजे कथील, ते 232 अंशालाच वितळतं. नॉनस्टिक, प्लास्टिकचे डबे, तापलेला कुकर, उघडं धान्य, औषधं टाकून द्या. मन मोठं करून टाका. आम्ही ज्वारीचं एक पोतं "वरून चांगलंय" म्हणून ठेवलं होतं, पहिल्याच भाकरीला जळक्या वायरीचा वास आला.

कपडे झटकून उन्हात घाला, नंतर धुवा. वास जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, गरम केलं की डाग धाग्यात बसतो. रेशमी ड्रायक्लीनला. पुस्तकं मिटलेलीच ठेवून कोरड्या कुंचल्यानं झाडा, भिजलेली असतील तर पिशवीत घालून शेजारच्या फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे बुरशी थांबते. डाळीच्या डब्यात पैसे ठेवले असतील आणि नोटांचा कोळसा झाला असेल तर बँकेची शाखा त्या घेणार नाही. त्या न मोडता रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात.

आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं, काहीही साफ करण्यापूर्वी फोटो आणि पंचनामा. आमचे तलाठी दुपारी आले तेव्हा मधली खोली नानांनी धुतलेली होती. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं, म्हणजे कापूस आणि पुढची खोली. आतल्या नुकसानीचा एक शब्द कागदावर नाही. नाना अजूनही म्हणतात की पाण्यानं वाईट काही होत नाही.

तोंडाला साधा रुमाल नको, चांगला मास्क बांधा, हातात मोजे घाला. वायरमननं बघितल्याशिवाय बटण दाबू नका, आणि पंखा तर झाडून झाल्याशिवाय लावूच नका. आग मोठी असेल, स्लॅबला तडे असतील, तर माझं काही ऐकू नका, आधी इंजिनिअरला बोलवा. बायकांना परवा बोलवा. कणीक तेल न घालता मळा, पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट, आणि वापरलेली कणीक गुरांपुढं टाकू नका.