रजेचे नियम सॉफ्टवेअरमध्ये बसवताना: वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न एक्सेलमधला रजेचा हिशेब फ्रॅपे एचआरवर नेणाऱ्या वाचकांचे आहेत. हे रजा-हजेरी सांभाळणारे, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. उत्तरांतली पडद्यांची नावे आवृत्ती १५ मधली आहेत. कायद्याचा आधार महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ चा आहे.

आमच्याकडे ३४ माणसे आहेत. सीएल (नैमित्तिक रजा) आणि पीएल (कामाच्या दिवसांवर मिळणारी हक्काची रजा) अशा दोनच रजा देतो. सेटिंगची सुरुवात कुठून करावी? (लेखा विभाग, नाशिक)

सुट्ट्यांच्या यादीपासून. बरेच जण आधी रजेचे प्रकार तयार करतात आणि पहिलाच अर्ज भरताना 'हॉलिडे लिस्ट नाही' म्हणून अडतात.

'हॉलिडे लिस्ट'मध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या तारखा घाला, साप्ताहिक सुट्टीचा वार निवडून सगळे रविवार एकदम भरून घ्या आणि मग सणांच्या आठ सुट्ट्या लिहा. त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी कामगारांशी बोलून ठरवायच्या असतात, त्यामुळे हे काम डिसेंबरातच उरकावे. ही यादी कंपनीच्या नोंदीत डिफॉल्ट म्हणून जोडायला विसरू नका.

मग 'लीव्ह टाइप'. कायद्यानुसार सीएल वर्षाला आठ दिवस, तिमाहीने खात्यात जमा होणारी आणि वर्षअखेर न वापरल्यास बाद होणारी. म्हणून सीएलला 'अर्न्ड लीव्ह'ची खूण करा, जमा होण्याची वारंवारता तिमाही ठेवा आणि 'कॅरी फॉरवर्ड'ची (शिल्लक पुढच्या वर्षी नेण्याची) खूण काढा. 'अर्न्ड' या शब्दाने गोंधळू नका. इथे त्याचा अर्थ 'टप्प्याटप्प्याने जमा होणारी' एवढाच आहे.

त्यानंतर 'लीव्ह पॉलिसी'त सीएलसमोर ८ लिहून सबमिट करा आणि 'लीव्ह पॉलिसी असाइनमेंट'मधून ती प्रत्येकाला लावा. ही शेवटची पायरी आपोआप होत नाही. ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या माणसाची शिल्लक शून्य दिसते ती बहुधा असाइनमेंट राहून गेल्यामुळे. घाईत कुणी त्याला हाताने 'लीव्ह ॲलोकेशन' (खात्यात रजा जमा करण्याची नोंद) करून देतो आणि तेवढ्यापुरता आकडा दिसतो. पण त्या नोंदीला पॉलिसी जोडलेली नसल्याने पुढच्या तिमाहीचे दोन दिवस तिच्यात कधीच पडत नाहीत. पहिल्या वर्षी १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरनंतर दोन-तीन जणांचे लेजर (रजेच्या जमा-वजाची नोंद) उघडून प्रत्येकी दोनच दिवस जमा झालेत ना, हे डोळ्यांनी पाहा. सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर असेल आणि काहीच जमा झाले नसेल, तर शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप कामे करणारा भाग) बंद पडला आहे का ते तपासायला सांगा.

पीएल आम्ही दरमहा सव्वा दिवस जमा करतो, वर्षाचे १५ होतात. हे कायद्यात बसते ना? (एचआर सहायक, पुणे)

नेहमी बसेलच असे नाही. कायद्याची पद्धत वेगळी आहे: आधीच्या कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम झाले असेल, तर त्या वर्षी केलेल्या दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस, आणि ती रजा पुढच्या वर्षी मिळते. आठवड्याला एकच सुट्टी असलेल्या ठिकाणी ३६५ मधून ५२ रविवार आणि आठ सण वजा केले की ३०५ दिवस उरतात. ज्याने एकही रजा घेतली नाही त्याचे सव्वापंधरा दिवस होतात आणि तुमचे १५ त्याला कमी पडतात. सगळ्यांत नियमित माणसाचेच नुकसान व्हावे, हे बरे नव्हे.

पाच दिवसांच्या आठवड्यात अडचण उलटी येते. तिथे सुट्ट्या वजा जाता २५३च्या आसपास दिवस उरतात. आठ सीएल आणि सहा पीएल घेणारा माणूस नुसत्या हजेरीवर मोजला तर २३९ वर येतो आणि एका दिवसासाठी पुढच्या वर्षाची सगळी पीएल हातची जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही अट १८० दिवसांची आहे. प्रसूती रजेचे २६ आठवडेपर्यंतचे दिवस आणि आधीच्या वर्षी कमावून उपभोगलेली रजाही त्या मोजणीत धरली जाते. आमचा सल्ला असा: पात्रतेसाठी १८० आणि शिल्लक साठवण्यासाठी २०१७ च्या कायद्यातले कमाल ४५ दिवस, म्हणजे दोन्हीकडचे कामगाराला जास्त देणारे आकडे धोरणात लिहा. मग वाद उरत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये यासाठी पीएलला 'अर्न्ड लीव्ह'ची खूण करू नका. 'कॅरी फॉरवर्ड' चालू ठेवा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षाच्या 'अटेंडन्स' नोंदी एक्सेलमध्ये उतरवा. हजर आणि घरून काम यांना १, अर्ध्या दिवसाला ०.५ धरून माणसागणिक बेरीज करा आणि २० ने भागा. २८६ दिवसांचे १४.३ होतात, अपूर्णांक वर न्यायचा असे धोरणात लिहून १५ द्या. ही यादी 'डेटा इम्पोर्ट'ने 'लीव्ह ॲलोकेशन'मध्ये चढवताना दोन खुणा विसरू नका. एक, मागील शिल्लक पुढे ओढण्याची. ती राहिली तर नव्या वर्षाच्या खात्यात जुनी पीएल येतच नाही. दुसरी, इम्पोर्टनंतर सबमिट करण्याची. ती राहिली तर सगळ्या नोंदी मसुदा म्हणून पडून राहतात आणि कामगारांना शून्य दिसते.

शुक्रवार आणि सोमवारची पीएल टाकली तर चार दिवस कापले गेले. आमच्याकडे शनिवार-रविवार सुट्टी असते. (एक वाचक, ठाणे)

महिना जानेवारी असेल तर आधी कंपनीला कोणती सुट्ट्यांची यादी जोडलेली आहे ते पाहा. गेल्या वर्षीचीच राहिली असेल तर नव्या वर्षाचा एकही शनिवार-रविवार तिच्यात नसतो, आणि सॉफ्टवेअर ते साधे कामाचे दिवस समजून कापते.

यादी बरोबर असेल तर पीएलच्या 'लीव्ह टाइप'मध्ये रजेदरम्यानच्या सुट्ट्या रजेत मोजण्याची खूण असणार. तिलाच सगळे 'सँडविच' म्हणतात. पीएलच्या बाबतीत मध्ये किंवा टोकाला आलेल्या सुट्ट्या रजेत धरायच्या नाहीत, म्हणून ती काढा. पण खूण काढल्याने आधी मंजूर झालेले अर्ज सुधारत नाहीत, कारण दिवसांचा आकडा अर्जातच साठवलेला असतो. असे अर्ज एकेक रद्द करून 'अमेंड' करावे (सुधारून पुन्हा भरावे) लागतात. ते काम कंटाळवाणे आहे, तरी करा. दोन दिवस त्या माणसाच्या हक्काचे आहेत.

प्रसूती रजा पॉलिसीत किती दिवस टाकावी? (शाळेचे कार्यालय, कोल्हापूर)

पॉलिसीत टाकूच नका. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे म्हणजे सलग १८२ दिवस, त्यापुढच्या अपत्यासाठी १२ आठवडे म्हणजे ८४. हे दिवस रविवार धरून मोजायचे असल्याने या एकाच प्रकाराला सुट्ट्या रजेत मोजण्याची खूण हवी. ती नसेल तर १८२ दिवस सात महिन्यांच्याही पुढे लांबतात.

दुसरी अडचण वर्षाच्या सीमेची. एकच अर्ज दोन ॲलोकेशनमध्ये पसरू शकत नाही, आणि ऑक्टोबरात सुरू होणारी ही रजा एप्रिलमध्ये संपते. म्हणून त्या बाईंसाठी रजेच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचे स्वतंत्र ॲलोकेशन करा. पॉलिसीत घातले की सर्वांच्या खात्यात १८२ दिसू लागतात, ते वेगळेच.

साहेबांनी रजा मंजूर केली, तरी शिल्लक तेवढीच दिसते. (स्टोअर विभाग, छत्रपती संभाजीनगर)

स्थिती 'अप्रूव्ह्ड' करून नुसते सेव्ह झाले आहे. शिल्लक सबमिट केल्यावर कमी होते. रजेच्या अर्जांच्या यादीत 'ड्राफ्ट' हा फिल्टर लावा, असे सगळे अर्ज एका जागी दिसतील. पगारपत्रक काढायच्या आदल्या दिवशी हे करायची सवय ठेवा. सबमिट करताना त्या दिवसाची हजेरी आधीच लागल्याची चूक आली, तर ती हजेरी रद्द करून पुन्हा सबमिट करा. ३० डिसेंबर ते २ जानेवारीची रजा मात्र दोन अर्जांतच भरावी लागेल, कारण एकच अर्ज दोन वर्षांच्या ॲलोकेशनमध्ये पसरू शकत नाही.

पीएल ४५ वर गेली की काय होते? (एक कामगार प्रतिनिधी, अंबरनाथ)

'मॅक्झिमम कॅरी फॉरवर्डेड लीव्ह्ज'मध्ये ४५ लिहिले असेल, तर वरचे दिवस नव्या वर्षात येत नाहीत. कुणाला सूचनाही जात नाही. आणि नेमका इथेच कायदा आडवा येतो: कामगाराने १५ दिवस आधी मागितलेली रजा मालकाने नाकारली असेल, तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा त्याला हक्क आहे.

म्हणून ॲलोकेशन चढवण्याआधी, ३१ डिसेंबरला, शिल्लक रजेचा अहवाल उतरवून ४५ च्या वरची नावे बाजूला काढा. प्रत्येकाचे वर्षभरातले 'रिजेक्टेड' अर्ज पाहा; अर्जाची तारीख आणि रजेची पहिली तारीख यांत १५ दिवसांचे अंतर आहे का ते तपासा. असेल तर त्या दिवसांचे 'लीव्ह एनकॅशमेंट' करा. त्यासाठी पीएलच्या प्रकारात रोखीकरणाची परवानगी आधीच चालू असावी लागते. तुमच्या बाजूने एवढे करा: रजेचा अर्ज तोंडी न देता सॉफ्टवेअरमध्येच भरायला सगळ्यांना सांगा. तोंडी नाकारलेल्या रजेची नोंद कुठेच उरत नाही.