कोटेशनमधली जाडी आणि प्रमाणपत्रातली जाडी

नमस्कार. सोसायटीतल्या मुलांच्या खेळाच्या जागेत पावसाळा लागताच रबर बसवायचे आहे, घसरगुंडीचा प्लॅटफॉर्म सहा फुटांवर आहे, तीन कोटेशने आली आहेत आणि कमिटीचा कल २५ मिलिमीटरच्या टाइल्सकडे आहे, तर यांतली कोणती कंपनी घ्यावी, असे आपण विचारले आहे. आकडे वाचताना आमचीच जुनी फाईल कुणीतरी उघडून समोर ठेवल्यासारखे वाटले. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा मी तेव्हा खजिनदार होतो. आमचाही प्लॅटफॉर्म सहा फुटांचा होता आणि टाइल्सही २५ मिलिमीटरच्याच होत्या. कंपन्यांबद्दल मी काहीही सांगणार नाही, कारण माझ्या मते आधी जाडी ठरते आणि मग कंपनी.

मी अभियंता नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, तेव्हा खालील मजकूर अनुभव म्हणून वाचावा आणि आकड्यांची खातरजमा जाणकाराकडून करून घ्यावी.

आमची चूक नेमकी कुठे झाली ते सविस्तर सांगतो. ठेकेदाराने कोटेशनसोबत परदेशी प्रयोगशाळेचे एक चकचकीत प्रमाणपत्र जोडले होते. त्यावर ‘ईएन ११७७’ हे युरोपीय मानक ठळक छापलेले होते आणि खाली १.५ मीटर हा आकडा होता. ही चाचणी अशी असते : माणसाच्या डोक्याचे काम करणारा, आत संवेदक बसवलेला धातूचा गोळा वाढत्या उंचीवरून त्या रबरावर सोडतात आणि धक्का मोजतात. डोक्याच्या इजेचा निर्देशांक, ज्याला एचआयसी म्हणतात, तो जिथे १००० ला पोहोचतो किंवा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २०० पटीला भिडतो, ती उंची म्हणजे त्या रबराची मर्यादा. अमेरिकेच्या ‘एएसटीएम एफ १२९२’ या मानकातही हेच दोन आकडे आहेत. ही मर्यादा रबराच्या जातीला मिळत नाही. ठरावीक जाडीच्या, ठरावीक पद्धतीने अंथरलेल्या नमुन्याला मिळते. आमच्या प्रमाणपत्राच्या दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, नमुन्याची जाडी ५० मिलिमीटर लिहिलेली होती.

म्हणजे ५० मिलिमीटरलाही १.५ मीटरच झेपत होते, आमचा प्लॅटफॉर्म १.८ मीटरवर होता आणि आम्ही विकत घेतले २५. हे दोन्ही कागद मी स्वतःच्या हाताने पंच करून एकामागे एक फाईलला लावले होते. आयुष्यभर चेकवरच्या सह्या पडताळण्यात गेलेल्या माणसाने हे दोन कागद मात्र शेजारी ठेवून वाचले नाहीत, याची टोचणी अजून जात नाही.

सात महिन्यांनी सी विंगमधला पाच वर्षांचा मुलगा प्लॅटफॉर्मवरून पडला आणि त्याचे कोपरावरचे हाड मोडले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही सगळी चाचणी डोक्याच्या दुखापतीसाठी आहे आणि हात मोडणार नाही अशी हमी जाड रबरही देत नाही, त्यामुळे आमच्या टाइल्समुळेच त्याचा हात मोडला असे मी म्हणू शकत नाही. पण त्याच्या वडिलांनी सभेत प्रमाणपत्र मागवून दुसरे पान मोठ्याने वाचले, तेव्हा डोके आपटले असते तर काय, हे विचारायची कुणाला गरज राहिली नाही. ठेकेदाराचे म्हणणे असे की प्रमाणपत्र ‘मटेरियलचे’ आहे, जाडीचे नाही. आणि वॉरंटीत फक्त रंग उडणे आणि टाइल सुटणे एवढेच होते. टाइल्स खरवडून काढायला, कोब्यावरचा डिंक घासायला आणि नव्याने काम करायला पहिल्या खर्चाच्या अडीच पट पैसे गेले. नव्या कामात टाइल्सऐवजी जागेवरच कालवून पसरायचे ओतीव रबर घेतले आणि जाडी ७० मिलिमीटर ठेवली : खाली ५५ मिलिमीटर टायरच्या चुऱ्याचा थर आणि वर १५ मिलिमीटर रंगीत ईपीडीएमचा, म्हणजे एका कृत्रिम रबराचा. हाच आकडा आपल्यालाही लागू पडेल असे नाही. चुऱ्याचा आकार आणि बाइंडरचे, म्हणजे चुरा एकत्र धरणाऱ्या चिकट द्रवाचे, प्रमाण बदलले की मर्यादाही बदलते, म्हणून अहवाल आपल्या ठेकेदाराच्या मिश्रणाचाच हवा आणि त्यातली जाडी कोटेशनमधल्या जाडीशी तंतोतंत जुळायला हवी.

दुसऱ्या कामाआधी मी एका सरकारी कार्यालयातही खेटे घातले. त्यांच्याच अखत्यारीतल्या बागेत असे रबर होते, म्हणून निविदेत जाडी काय मागता, एवढेच विचारायचे होते. पहिल्यांदा साहेब साइटवर होते, दुसऱ्यांदा तो विषय विद्युत विभागाकडे असल्याचे समजले (रबर आणि विद्युत विभाग!), तिसऱ्यांदा माहिती अधिकारात अर्ज करा म्हणाले. केला. तिसाव्या दिवशी उत्तर आले की मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. आपण तो वेळ वाचवावा.

नव्या कामाची जाडी मोजायला मी सौभाग्यवतींची स्वेटर विणायची सुई वापरली. ओतीव रबर सच्छिद्र असते, त्यामुळे सुई थोड्या जोराने खाली कोब्याला टेकेपर्यंत जाते. वर अंगठ्याने खूण धरायची, सुई काढायची आणि पट्टीला लावायची. कडेला ७० भरत होते आणि घसरगुंडीच्या तोंडाशी, जिथे मुले रोज आदळतात, तिथे ५२. तो तुकडा ठेकेदाराकडून पुन्हा करून घेतला, आणि तोही अंतिम बिलाचे पैसे हातात होते म्हणूनच झाला. टाइल्स घेणार असाल तर एक उलटी करून पाहावी; बऱ्याच टाइल्सना खालून पोकळ खुंट्या असतात. त्या असणे वाईट नाही, पण चाचणी तशाच टाइलची झालेली हवी.

टाइल की ओतीव, यावर माझे मत ओतीव रबराच्या बाजूने आहे, कारण दोन उन्हाळ्यांत आमच्या टाइल्सच्या कडा वर आल्या होत्या आणि मुले त्यांनाच अडखळत होती. वरच्या थरासाठी काळा किंवा गडद रंग घेऊ नये. एप्रिलमध्ये दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहावा, म्हणजे कारण कळेल. टायरच्या चुऱ्यातील पीएएच या घातक रसायनांबद्दल कुणीतरी सभेत विचारेलच. युरोपीय संघाने २०२२ च्या ऑगस्टपासून मैदानांवर सुट्या वापरल्या जाणाऱ्या चुऱ्यात अशा आठ रसायनांची एकत्रित मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम केली आहे. ओतीव रबराला तो नियम थेट लागू नसला, तरी त्या मर्यादेतला चुरा आहे का, हे पुरवठादाराकडून लेखी मागता येते, आणि आम्ही मागितल्यावर तिघांपैकी एकानेच दिले.

पैसे कमी असतील तर वाळूचा विचार हलका समजू नये. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत ९ इंच वाळू चार फुटांपर्यंतच्या पडण्यासाठी पुरेशी धरली आहे. आपला प्लॅटफॉर्म सहा फुटांचा असल्याने ती घसरगुंडीखाली चालणार नाही, मात्र लहानांच्या बुटक्या खेळण्यांखाली चालेल. मांजरांचा बंदोबस्त तेवढा करावा लागतो. याच पुस्तिकेप्रमाणे रबर खेळण्याच्या चारी बाजूंना सहा फूट पुढे जायला हवे, आणि झोपाळ्याच्या पुढे-मागे दांडीच्या उंचीच्या दुप्पट. आपण दिलेल्या मापांत झोपाळ्याच्या मागे भिंतच येते आहे. तिथे रबर कितीही जाड घातले तरी उपयोग नाही. झोपाळा हलवावा लागेल.

राहिला जूनच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू करण्याचा बेत. ओतीव रबराचा बाइंडर हवेतल्या ओलाव्यावर वाळतो हे खरे, पण ताज्या थरावर पाऊस पडला की त्याला फेस येतो आणि ओल्या कोब्याला तो धरतच नाही. ताडपत्री लावून करू, असे ठेकेदार म्हणेल, आम्हालाही म्हणाला होता. काम दिवाळीच्या सुमाराला घ्यावे आणि तोपर्यंत घसरगुंडीची शिडी नटबोल्ट सोडवून क्लब हाउसमध्ये ठेवून द्यावी. आम्ही ती नुसती दोरीने बांधली होती, आणि दुसऱ्याच दिवशी मुलांनी सोडली.