वाचक विचारतात : मॅजिस्ट्रेट स्वतः धाड घालतो का?

प्रश्न (उदगीर) : सत्तरच्या दशकातल्या मार्सेवरचा एक फ्रेंच चित्रपट पाहिला. त्यातला मॅजिस्ट्रेट हेरॉइनवाल्यांच्या मागे स्वतःच हात धुऊन लागतो. मी १९७७ च्या नांदेडवर कादंबरी लिहितो आहे. माझ्या नायकाला असे करता येईल?

उत्तर : जवळजवळ नाही, पण एक फट आहे. फ्रान्समध्ये तपासाचे काम न्यायाधीशाकडे देता येते. तो पोलिसांना लेखी फर्मान देतो, साक्षी नोंदवतो, आरोपीच्या बाजूचा पुरावाही त्यानेच शोधायचा असतो. मार्सेचे न्यायाधीश पियर मिशेल याच पदावर होते. २१ ऑक्टोबर १९८१ रोजी मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या.

आपल्याकडे तपास पोलिसांचा. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र कलम १०३ होते. ज्या जागेच्या झडतीचे वॉरंट मॅजिस्ट्रेट काढू शकतो, तिथली झडती तो स्वतःसमोर घ्यायला सांगू शकतो. हीच तुमची फट. नायकाला एकदा वाड्यावर पाठवा, पण त्याची किंमतही दाखवा. बचावाचा वकील त्यालाच साक्षीला ओढायला बघणार, आणि साक्षीदार झालेला माणूस तोच खटला चालवू शकत नाही.

खरा संघर्ष रिमांडच्या टेबलावर रंगवा. अटकेपासून चोवीस तासांत आरोपी पुढ्यात उभा राहतो. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?’ हा प्रश्न विचारला जातो, आरोपी फौजदाराकडे बघतो आणि ‘नाही’ म्हणतो. पोलीस कोठडी पंधरा दिवसांच्या पुढे नाही. तेव्हा साठ दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर जामीन द्यायला तयार असलेल्या आरोपीला सोडावेच लागे. मॅजिस्ट्रेटला सगळे कळत असते, तरी सही करावी लागते. गोळीबारापेक्षा हा प्रसंग जास्त चटका लावेल.

तहसीलदाराला यात गोवू नका. तो कार्यकारी दंडाधिकारी. असे खटले त्याच्यापुढे चालत नाहीत.

प्रश्न (बीड) : १९७७ च्या काळी अफूवाल्याला किती वर्षांची शिक्षा होई? आणि माल कोणता दाखवावा?

उत्तर : दहा वर्षे लिहिलीत तर कादंबरी तिथेच पडली. एवढी कडक शिक्षा आणणारा एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. त्याआधी अफूचे १८५७ आणि १८७८ चे कायदे आणि १९३० चा डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्ट होते. कमाल शिक्षा तीन वर्षे, पुन्हा सापडला तर चार, आणि किमान शिक्षा ठरलेलीच नव्हती. तस्करांना तुरुंगाचे भय का नव्हते, ते यावरून कळेल. सरकारच्या हाती कोफेपोसा (१९७४) हा तस्करीविरोधी कायदा होता. त्यात तस्कराला खटल्याविना स्थानबद्ध करता येई, पण तो आदेश सरकार किंवा सरकारने नेमलेला वरिष्ठ अधिकारी काढतो, मॅजिस्ट्रेट नाही. १९७७ च्या मार्चपर्यंत आणीबाणी होती हेही लक्षात असू द्या.

माल म्हणून अफू किंवा गांजा घ्या. ब्राऊन शुगर मुंबईत पसरली ती ऐंशीच्या दशकात, आणि एमडीचे (मेफेड्रोन या नव्या रासायनिक नशेचे) तर नावही काढू नका. अफूचा परवानाधारक पट्टा मंदसौर-नीमचकडचा. तिथून खंडवा-अकोला-पूर्णामार्गे नांदेडपर्यंत सलग मीटर गेज (कमी रुंदीच्या रुळांची) लाइन होती; पण मनमाडमार्गे ब्रॉड गेजने आणला तर तिथे माल उतरवावा लागे, कारण मनमाडपासून पुढची लाइन मीटर गेज होती. पेटी एका गाडीतून दुसरीत जाताना हमालाच्या खांद्यावर असते. खबऱ्या उभा करायचा तर त्या फलाटावर करा. लातूरचा प्रसंग असेल तर तिकडे नॅरो गेज.

प्रश्न (सेनगाव) : गोष्ट आजची असेल आणि कपाशीत गांजाची झाडे सापडली, तर मॅजिस्ट्रेटचे काम काय? अशा केसेस सुटतात कशा?

उत्तर : बहुतेक वेळा वजनकाट्यावर. एनडीपीएस कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेले बी आणि पाने त्यात धरत नाहीत. पोलीस मुळे, माती, पाने, सगळे गोणीत भरून तोलतात. वीस किलोंपेक्षा जास्त असेल तर व्यावसायिक प्रमाण. मग कलम ३७ मुळे जामीन अवघड होतो आणि आरोपपत्राला १८० दिवस मिळतात. समजा पंचनाम्यात बावीस किलो लिहिले. गोण्या मालखान्यात वाळल्या आणि मॅजिस्ट्रेटसमोर सतराच भरल्या. पाच किलो कुठे गेले, हे सांगणारे कागदावर कोणी नाही. म्हणून शेंडे वेगळे करून जागेवरच तोलावेत, ओला माल असल्याची नोंद घ्यावी आणि काटा कुठून आणला तेही लिहावे. काटा किराणा दुकानातला असेल तर त्या दुकानदाराचाही जबाब लागतो.

मॅजिस्ट्रेटचे काम कलम ५२अ खाली येते. मुद्देमालाची यादी आणि फोटो प्रमाणित करणे, आपल्यासमोर नमुने काढून घेणे. गांजाचे नमुने प्रत्येकी चोवीस ग्रॅमचे, दोन संचांत. हेरॉइनचे पाच ग्रॅमचे. उष्णतेने बंद केलेली प्लास्टिकची पिशवी, ती कागदी पाकिटात, त्यावर सील. सीलचा ठसा पंचनाम्यावर आणि प्रयोगशाळेच्या पत्रावर एकच असला पाहिजे. जागेवरच नमुने काढून परस्पर पाठवण्याची जुनी सवय अजून सुटलेली नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते नमुने मॅजिस्ट्रेटसमोरच काढायचे हे स्पष्ट केले आहे.

कलम ५० अंगझडतीपुरते. राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क त्या माणसाला त्याला कळेल अशा भाषेत, प्रत्येकाला वेगळा सांगावा लागतो. तिघांना एकाच कागदावर सही करायला लावली की वकील खूश.

शेवटचा घोळ सातबाऱ्याचा. शेत पाच भावांच्या नावे, कसतो एकच, आणि आरोपी होतो ज्याचे नाव वर आहे तो. तलाठ्याकडून पीकपेऱ्याची नोंद आणि शेजारच्या बांधावरच्या दोघांचे जबाब तपासाच्या पहिल्याच आठवड्यात घेतले नाहीत, तर पुढे ते लोक ‘आम्ही तिकडे जातच नाही’ म्हणतात.