पोटातली हालचाल मंदावली तर सकाळची वाट पाहू नका

दादा, तुमच्या वहिनीचं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं, गावात कुणी ग्रहण म्हणतंय, कुणी दृष्ट. हे टाळता येतं का आणि बायकांना सांगायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. आधी वहिनीचं. ग्रहणात भाजी चिरली म्हणून किंवा दोरीवर कपडे टाकले म्हणून बाळ दगावत नाही. हे तिला एकटीला नको, घरच्यांच्या देखत सांगा.

मी चोपड्याकडे उपकेंद्रावर पंचवीस वर्षं नर्सबाई होते. सगळी बाळं वाचत नाहीत. पण जगभरात २८ आठवड्यांनंतर मृत जन्मणाऱ्या बाळांपैकी ४० टक्क्यांहून जास्त बाळं कळा सुरू झाल्यावर जातात, म्हणजे तोवर ती जिवंत असतात. बाकीच्यांच्या मागे बीपी, साखर, मलेरिया, सिफिलिस, वारेचा बिघाड, असं काहीबाही निघतं, आणि त्यातलं पुष्कळ तपासणीत सापडतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची मोफत तपासणी असते, ती चुकवू नये. मिस्री, म्हणजे दाताला लावायची भाजलेली तंबाखू, सोडावी, हे सांगून माझा घसा बसला.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक पोरगी संध्याकाळी आली. "बाई, पोटमा काही हालत नही." दोन दिवस झाले होते. मी डॉप्लर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, पोटावर फिरवत राहिले. लागत होते ते तिचेच सावकाश ठोके. बाळाचे मिनिटाला ११० ते १६० पडतात, कान लगेच ओळखतो. दिवस भरत आले की जागा कमी पडते, बाळ शांत होतं, असं घरच्यांनी तिला समजावलं होतं. खोटं कशाला बोलू, नोकरीच्या सुरुवातीला मीही तेच सांगायचे. ते चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलेल, पण बाळ शेवटपर्यंत हालतं.

दिवसभर वाफ्यात वाकलेल्या बाईला हालचाल कळतही नाही. म्हणून सातव्यानंतर रोज जेवून कुशीवर पडायचं आणि आपल्या बाळाची सवय ओळखायची. झोपायचंही कुशीवरच, डाव्या की उजव्या हा वाद नको. शंका आली तर दोन तास पडून मोजा. १० हालचाली झाल्या नाहीत तर निघा. अगदीच थांबली असेल तर मोजत बसू नका, साखरपाणी देऊन वाट पाहू नका. रात्री २ वाजले असले तरी १०२ किंवा १०८ लावा, आणि सिझरची सोय असेल तिथेच न्या. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यालाही हेच.

सांगायचं कुठे? डोहाळजेवणात. सातवा महिना, सगळ्या बायका जमलेल्या, आणि मुख्य म्हणजे सासू समोर. रात्री गाडी काढायची की नाही हे सुनेच्या हातात नसतं. माझा अनुभव असा की पोस्टरपेक्षा ओटी भरताना सांगितलेलं जास्त टिकतं. बाळंतपणाला माहेरी जाताना तपासणीचं कार्ड पिशवीत टाका. ते सासरी कपाटात राहतं आणि तिकडच्या सिस्टरला आधीचं बीपी कळत नाही.

वहिनीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटला असेल. हे कुणी आधी सांगत नाही, आणि बाळ नाही म्हणून पुष्कळदा घरी चौकशीलाही कुणी फिरकत नाही. छाती दुखत असेल, ताप असेल तर दाखवा. नोकरी करत असतील तर मातृत्व रजेच्या कायद्यात मृत जन्मलेलं मूलही धरलंय, रजेचा अर्ज तसा करा. आणि दवाखान्याचे सगळे कागद मागून ठेवा. पुन्हा दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला डॉक्टर तेच विचारतील.