वीस गुंठ्यात घरचं भागेल का?

प्रश्न: माण तालुक्यात आमची २० गुंठे जमीन आहे, विहीर सामाईक, उन्हाळ्यात पाणी कमी. घरात चौघं. धान्य-भाजी घरचीच खायची इच्छा आहे, सुरुवात कशी करू?

उत्तर: ताई, नक्की करा, पण चौघांचं वर्षाचं सगळं धान्य २० गुंठ्यात धरू नका, भाजी, डाळ आणि थोडी ज्वारी एवढं पहिल्या वर्षी खूप झालं. जूनमध्ये पाऊस झाला की मूग पेरा, ६०-६५ दिवसात निघतो, मग त्याच रानात सप्टेंबर शेवटी मालदांडी ज्वारी, ती जमिनीतल्या ओलीवर येते आणि कडबा पण मिळतो. घराजवळ २ गुंठे फक्त भाजीला ठेवा, ड्रिप टाका, बांधावर शेवगा लावाच. गाय लगेच घेऊ नका हो, चारा-पाणी विकत घ्यायला लागलं की सगळं गणित बिघडतं, आधी चार-पाच गावठी कोंबड्या बऱ्या. जीवामृताला, म्हणजे जमिनीला द्यायच्या आंबवलेल्या पातळ खताला, शेजाऱ्याकडचं शेण-गोमूत्र चालतं, एकराला २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २-२ किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती, तुम्हाला याच्या निम्मं पुरे. आणि विहिरीच्या पाळ्या भावकीशी बोलून आधीच लिहून घ्या.