जुना पॅसिव्ह सबवूफर नव्या रिसीव्हरवर गप्प का?

जुन्या सबवूफरला (फक्त बेस वाजवणारा स्पीकर) मेनची वायर नाही, आवाजाचं बटण नाही, मागे डाव्या-उजव्या बाजूचे ‘इन’ आणि ‘आउट’ असे स्प्रिंग क्लिपचे चार जोड. आणि आर-सी-ए केबल कापून नव्या रिसीव्हरच्या ‘सब प्री-आउट’ला जोडला तर काहीच ऐकू येत नाही. एवढ्यावरून तरी सबवूफर गेलाय असं म्हणता येणार नाही. तो पॅसिव्ह आहे, म्हणजे त्यात स्वतःचा ॲम्प नाही. प्री-आउटमधून जेमतेम एक-दोन व्होल्टचा सिग्नल निघतो, त्यात स्पीकरची कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) हलवायची ताकद नसते.

असे खोके स्पीकरच्या वायरीवरच चालतात. रिसीव्हरच्या फ्रंट लेफ्ट-राइटच्या वायरी ‘इन’ला आणि ‘आउट’पासून छोट्या सॅटेलाइट स्पीकरला. आत एकाच वूफरवर (खोक्यातला प्रत्यक्ष वाजणारा स्पीकर) दोन कॉइल (डाव्याची एक, उजव्याची एक) किंवा दोन छोटे वूफर असतात.

इथे बहुतेक जण एका सेटिंगमध्ये अडकतात. रिसीव्हरच्या मेनूत फ्रंट स्पीकर ‘स्मॉल’ असतील, तर साधारण 80 हर्ट्झखालचा आवाज रिसीव्हर तिथेच गाळतो आणि सबवूफरला द्यायला काही उरतच नाही. फ्रंट ‘लार्ज’ करा, सबवूफर ‘नो’ करा.

तरी बेस पातळ वाटला तर ॲम्प बंद करून, सबवूफरच्या दोन्ही ‘इन’चे मायनस आतून जोडलेले नाहीत ना हे मीटरने पाहून (जोडलेले असतील तर हे करू नका, ॲम्प शॉर्ट होईल), फक्त एका बाजूच्या ‘इन’चे प्लस-मायनस अदलाबदल करून ऐका. बेस बहुतेक दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच असतो. एक कॉइल उलटी जोडली की दोघी एकमेकींना अडवतात आणि कोन (वूफरचा हलणारा पडदा) जागचा हलत नाही. जुन्या वायरीवरची रेघ पुसट झाली की ही चूक हमखास होते. सॅटेलाइटमधून आवाज येत राहतो, त्यामुळे संशय वायरीवर न जाता वूफरवर जातो.

आता मोजणी. ॲम्प बंद, सगळ्या वायरी आणि सॅटेलाइट काढलेले. मल्टिमीटर 200 ओहमवर. मीटरची टोकं एकेका ‘इन’च्या प्लस-मायनसला लावा; आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करायचा. 8 ओहमची कॉइल साधारण 5.5 ते 7 दाखवते, 4 ओहमची 3 ते 3.8; आतल्या क्रॉसओव्हरच्या (बेस वेगळा काढणारं सर्किट) कॉइलमुळे त्यात थोडी भर पडते. होम थिएटर सेटमधले सबवूफर अनेकदा 3 ओहमचे निघतात. ते 6-8 ओहम मागणाऱ्या रिसीव्हरला जोडू नका, ॲम्प तापून प्रोटेक्शनमध्ये जाईल, म्हणजे स्वतःहून बंद पडेल.

आकडाच आला नाही तर खोकं उघडून थेट वूफरच्या टॅगवर (वायर जोडायच्या पट्ट्या) मोजा. तिथे बरोबर आला तर दोष क्रॉसओव्हरमध्ये: सुटलेलं सोल्डर किंवा, काही मॉडेलमध्ये, संरक्षणासाठी घातलेला बल्ब वा फ्यूज. तिथेही आला नाही तर टॅगपासून कोनापर्यंत जाणारी विणलेली तार हलवत मोजा. ती तुटलेली असेल तर जोडता येते. जळका वास येत असेल तर मात्र कॉइलच गेली. टर्मिनलवर जवळजवळ शून्य आलं तर प्लस-मायनसमध्ये आडव्या जोडलेल्या कपॅसिटरचा एक पाय सोडवून पुन्हा मोजा. कपॅसिटर बदलताना बायपोलरच (प्लस-मायनसचं बंधन नसलेला) घ्या. दुकानात मिळाला नाही तर दुप्पट मूल्याचे दोन साधे कपॅसिटर मायनसला मायनस लावून सिरीजमध्ये जोडा: 220 मायक्रोफॅरडचे दोन म्हणजे 110. व्होल्टेज मूळच्यापेक्षा कमी नको.

कोन हलतो का हे बघायला 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल पुरे. क्षणभर टेकवा: प्लसला प्लस लावल्यावर साधारणपणे कोन बाहेर येतो, आणि दोन्ही बाजूंनी तो एकाच दिशेला हलायला हवा. वूफर आत दडलेला असेल तर पोर्टच्या (खोक्यातलं हवेचं भोक) तोंडाशी पातळ कागद धरा, तो हलतो.

आवाज येतो पण फडफडतो, तेव्हा आधी कोनाच्या कडेचं फोम बघा. पंधरा-वीस वर्षांत ते चिकट होऊन बोटाला लागतं किंवा भुगा होतो. कोकणातल्या दमट हवेत आणखी लवकर. कोन दोन्ही हातांनी समान दाबून पाहा. खरखर लागली तर कॉइल घासतेय, नुसतं फोम बदलून भागणार नाही. खरखर नसेल तर फोम बदलणं नवा वूफर घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. इन्स्टंट ग्लू वापरू नका, कोन मध्यावर आणायला वेळच मिळत नाही. हळू सुकणारा गोंद लावा आणि 24 तास हात लावू नका.

वेगळा क्लास-डी बोर्ड (छोटा ॲम्प) लावायचा विचार असेल तर आधी सबवूफरच्या डाव्या आणि उजव्या ‘इन’चे मायनस आतून जोडलेले आहेत का ते मीटरने पाहा. टीपीए3116सारख्या चिपचा आउटपुट ब्रिज पद्धतीचा असतो, म्हणजे मायनसच्या टोकावरही सिग्नल असतो. तिथे दोन चॅनेलचे मायनस एकत्र आले की बोर्ड प्रोटेक्शनमध्ये जातो किंवा उडतो. जोडलेले निघाले तर एकच चॅनेल एका कॉइलला द्या. दुसरी कॉइल मोकळी राहिली तर आवाज कमी येईल, बिघडणार काही नाही.