एलडीएल नॉर्मल आहे, तरी मधुमेही वडिलांना कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

रिपोर्टमधले आकडे दिलेत ते बरं केलंत. वडील ५८ वर्षांचे, शुगर १५ वर्षांपासून, हृदयाचा त्रास नाही. एकूण कोलेस्टेरॉल १८०, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ९८, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली आणखी एक चरबी) २४०. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. पण असे रिपोर्ट रोज हातातून जातात, आणि माझ्या मते डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, दिलं ते योग्यच आहे.

रिपोर्टवर आकड्यासमोर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी असते. तीच वाचून लोक निश्चिंत होतात, याचं मला फार वाईट वाटतं. इतकी वर्षं मधुमेह असलेल्या माणसाचं एलडीएल साधारण ७०च्या खाली असावं असं हल्ली डॉक्टर धरतात, आणि हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर ५५च्याही खाली.

शिवाय ९८ हा आकडा पूर्ण चित्र दाखवत नाही. शरीरात साठलेली चरबी उगाच रक्तात येऊ न देणं हेही इन्सुलिनचंच काम. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ती चरबी सतत सुटत राहते आणि यकृतात पोचते. यकृत तिचे ट्रायग्लिसराइड्स करून परत रक्तात सोडतं. त्यातून पुढे एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट होतात. एलडीएलचा आकडा त्या कणांमधलं कोलेस्टेरॉल मोजतो, कण किती आहेत ते नाही. कण लहान असले की तेवढ्याच कोलेस्टेरॉलमागे त्यांची संख्या जास्त असते. म्हणून एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून पाहा: १८० वजा ३४, म्हणजे १४६. याला नॉन-एचडीएल म्हणतात. बाबांच्या बाबतीत ते १००च्या खाली हवं.

गोळीचा उपयोग तपासून पाहिलेला आहे. टाइप २ मधुमेह आहे पण हृदयविकार नाही, अशा २८३८ जणांवर ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ‘कार्ड्स’ नावाचा अभ्यास झाला. रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन (एक स्टॅटिन) घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे ३७ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षं आधीच थांबवला; निष्कर्ष २००४मध्ये आले. स्टॅटिनने शुगर किंचित वाढू शकते हे खरं आहे, पण तेवढ्यासाठी गोळी सोडू नये. स्नायू दुखायला लागले तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

ट्रायग्लिसराइड्ससाठी वेगळी गोळी मागायची घाई नको. स्टॅटिनच्या जोडीला फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइड्स उतरवणारं औषध देऊन पाहिलं (‘अ‍ॅकॉर्ड’ अभ्यास, २०१०), तेव्हा एकूण रुग्णांमध्ये हृदयविकार कमी झाले नाहीत. आकडा ५००च्या वर गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तिथे गोष्ट वेगळी. २४०ला आधी शुगर आटोक्यात आणणं आणि ताट बदलणं. आपल्याकडे पहिलं तूप आणि अंडं बंद होतं, पण भाताचा ढीग, बिस्किटं, उपवासाची साबुदाणा खिचडी आणि दारू तशीच चालू राहते. ट्रायग्लिसराइड्स तर यांनीच वाढतात. फारच वाढले की नळीत वर आलेलं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, चक्क दुधासारखं पांढरट दिसतं. ते एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.

थायरॉइड आणि लघवीतलं प्रोटीन तपासलं नसेल तर विचारून घ्या, त्यांतल्या बिघाडामुळेही रक्तातली चरबी वाढते. आणि पुढच्या वेळी उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर बाबांना सकाळी लवकर घेऊन जा. शुगरच्या गोळीचं किंवा इन्सुलिनचं त्या दिवशी काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारा. औषध घेऊन, काही न खाता रांगेत बसलेले आणि शुगर उतरून घामाघूम झालेले रुग्ण आम्ही नेहमी बघतो.